घरातील सशासाठी सुखद निवारा

मालवणच्या दक्षिणेस, एका बाजूला अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी, अशा वाळूच्या चिंचोळ्या पट्ट्यालगत तारकर्ली वसले आहे. माडांच्या सावलीतील कौलारू घरे, पुढील दारी सारवलेले खळे आणि मागे परसू हे येथील घराचे परिचित रूप. अशा घरात मुलांच्या हट्टाखातर कधी सशाची जोडी आणली जाते. तिच्यासाठी बहुधा कोंबड्यांचे जुने खुराडे पडवीच्या कोपऱ्यात मांडले जाते, चार गाजरे टाकली जातात आणि ससा सुखी आहे असे मानले जाते. प्रत्यक्षात दमट हवेच्या या किनाऱ्यावर अशा खुराड्यातील ससा फार काळ तग धरीत नाही. तो ओरडत नाही, दुखणे दाखवीत नाही आणि एके दिवशी निमूटपणे मरून जातो. त्याच्या मरणाचे कारण पुष्कळदा त्याच्या निवाऱ्यातच दडलेले असते.

रानससा व पाळीव ससा

मराठीत ‘ससा’ हा एकच शब्द दोन भिन्न प्राण्यांसाठी वापरला जातो. कोकणातील कातळसड्यांवर व माळांवर आढळणारा रानससा बीळ करीत नाही. तो गवताच्या आडोशाला उथळ खळग्यात बसतो आणि त्याची पिल्ले जन्मतःच केसाळ व उघड्या डोळ्यांची असतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये तो संरक्षित असून त्याला पकडणे किंवा घरी पाळणे हा गुन्हा आहे. शेतात त्याचे पिल्लू एकटे दिसले, तरी ते अनाथ आहे असे समजून उचलू नये. आई दिवसभर पिल्लांपासून दूर राहते आणि थोड्या वेळापुरतीच त्यांना पाजण्यास येते.

बाजारात मिळणारा पांढरा, करडा किंवा काळा ससा हा युरोपातील आयबेरियन द्वीपकल्पातून आलेल्या बिळात राहणाऱ्या सशाचा वंशज होय. जमिनीखालचा गारवा, काळोख आणि सोबत्यांचा सहवास ही त्याच्या स्वभावाची मूळ गरज आहे. उत्तम पिंजरा म्हणजे बिळातील ही सुरक्षितता आणि मोकळ्या हवेचा खेळतेपणा यांचा मेळ, एवढे ध्यानी घेतले की पुढील सर्व सूचना सहज उमगतात.

जागेची निवड

सशाला घाम येत नाही. शरीरातील उष्णता तो मुख्यतः लांब कानांतील रक्तवाहिन्यांवाटे बाहेर टाकतो. सुमारे १५ ते २१ अंश सेल्सिअस तापमान त्याला मानवते. पारा ३० अंशांपलीकडे गेला आणि त्यात हवेतील दमटपणाची भर पडली, की त्याला उष्माघाताचा धोका संभवतो. यासाठी पिंजरा घरातील सर्वांत थंड खोलीत, जांभ्या चिऱ्याच्या आतील भिंतीलगत ठेवावा. पश्चिमेचे ऊन आणि पावसाळ्यात नैऋत्येकडून येणारी झड यांपासून तो दूर असावा. चुलीचा धूर, रेडिओ-दूरदर्शनचा गोंगाट आणि कुत्र्या-मांजरांचा वावर असलेली जागा टाळावी. विजेच्या तारा सशाच्या दातांच्या टप्प्यात राहू देऊ नयेत.

पावसाळ्यात येथील जमिनीला ओल धरते. म्हणून पिंजरा जमिनीपासून किमान एक फूट उंचावर असावा.

मापे व बांधणी

दोन ते तीन किलो वजनाच्या सशासाठी चार फूट लांब, दोन फूट रुंद व दोन फूट उंच हे माप केवळ विश्रांतीच्या खोलीचे समजावे. सशाला सलग तीन उड्या मारता याव्यात, पाय पसरून आडवे होता यावे आणि मागील पायांवर उभे राहिले असता कान छताला लागू नयेत, ही मापाची सोपी कसोटी आहे. या खोलीला जोडून फिरण्यासाठी मोकळे आवार हवे. दोन सशांसाठी तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद व एक मीटर उंच इतकी जागा सदैव उपलब्ध असावी, असा ब्रिटनमधील ससे-कल्याण कार्यकर्त्यांचा आग्रह आहे. एवढी जागा नसेल, तर दिवसातून काही तास बंद खोलीत किंवा कुंपण घातलेल्या पडवीत देखरेखीखाली ससा मोकळा सोडावा.

सांगाडा लाकडाचा करावा. ससा सतत कुरतडतो, कारण त्याचे दात जन्मभर वाढत असतात. त्यामुळे लाकडाला तैलरंग किंवा वॉर्निश लावू नये. खाऱ्या वाऱ्याने साधी तार लवकर गंजते व तिची टोके पायांना जखम करतात. म्हणून शक्य तेथे न गंजणाऱ्या पोलादाची जाळी वापरावी आणि ती दर महिन्याला तपासावी. जाळीची भोके अर्ध्या इंचाहून मोठी नसावीत, अन्यथा उंदीर व साप आत शिरतात. मुंगूस व मांजर यांच्यासाठी दाराला दुहेरी कडी हवी.

तळ जाळीचा ठेवण्याची प्रथा सोयीची असली तरी घातक आहे. सशाच्या पावलांना कुत्र्या-मांजरांसारखी गादी नसते, त्यामुळे तारेवर बसून टाचांना व्रण पडतात. तळाला सपाट फळी घालून तीवर भाताचा कोरडा, बुरशी न लागलेला पेंढा दोन-तीन इंच पसरावा. किनाऱ्यावरील खारी वाळू ओल धरते, ती अंथरू नये. एका टोकाला अंधारी पेटी ठेवावी आणि तिला दोन तोंडे असावीत, म्हणजे एक ससा आत कोंडला जात नाही. दुसऱ्या टोकाला कागद व पेंढा घातलेले पसरट तबक ठेवून त्याच्या वर वाळक्या गवताची कावड टांगावी. खाता खाता लेंड्या टाकण्याची सशाला सवय असल्याने तो त्याच जागी विधी करू लागतो आणि बाकीचा पिंजरा स्वच्छ राहतो.

उन्हाळा व पावसाळा

वैशाखात दुपारी पिंजऱ्यात पाण्यात भिजवलेले जुने मंगलोरी कौल ठेवावे. ससा त्यावर अंग टेकून गारवा घेतो. पंख्याचा झोत सरळ अंगावर नको. ससा मान वर करून धापा टाकू लागला, कान तापले व लाळ गळू लागली, तर त्याला सावलीत घेऊन कान साध्या थंड पाण्याने ओले करावेत आणि विनाविलंब पशुवैद्यकाकडे न्यावे. बर्फाच्या पाण्यात बुडविणे घातक ठरते.

पावसाळ्यात शत्रू बदलतो. ओल्या अंथरुणात आतड्यांचा कॉक्सिडिया रोग फैलावतो, मुताच्या उग्र वासाने श्वसनमार्ग बिघडतो आणि मळलेल्या शेपटीखाली माश्या अंडी घालतात. त्यातून निघालेल्या अळ्या एक-दोन दिवसांत प्राण घेऊ शकतात. म्हणून या महिन्यांत तबक रोज बदलावे व सशाचा मागील भाग सकाळ-संध्याकाळ पाहावा. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाचा तडाखा सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला बसला. हा अनुभव ध्यानी घेता, घाईने उचलून नेता येईल अशी एक लहान, हवेशीर पेटीही घरात तयार असावी.

आहार व निगा

गाजर हे सशाचे मुख्य अन्न नव्हे. त्याच्या आहारातील सर्वांत मोठा वाटा वाळक्या व हिरव्या गवताचा असावा. जोडीला हरळी, कोथिंबीर आणि जास्वंदीची पाने द्यावीत. गाजर व फळे चवीपुरतीच पुरेत. भात, बिस्किटे व ओले खोबरे देऊ नये. अळू व कण्हेर यांची पाने त्याच्या तोंडी लागू देऊ नयेत. पाणी जड मातीच्या भांड्यात सदैव भरलेले असावे.

ससा स्वतःच्या मऊ लेंड्या खाताना दिसल्यास त्याला हटकू नये. ती त्याच्या पचनाची नैसर्गिक रीत आहे. मात्र बारा तास त्याने काही खाल्ले नाही किंवा लेंड्या टाकल्या नाहीत, तर ते तातडीचे दुखणे समजावे. त्याला कान धरून उचलू नये. छातीखाली एक हात व मागील पायांखाली दुसरा हात द्यावा. आधार सुटून त्याने लाथा झाडल्या, तर पाठीचा कणा मोडतो.

नर व मादी एकत्र ठेवल्यास सुमारे ३१ दिवसांत पिल्ले होतात, तीही एका वेळी अनेक. म्हणून त्यांचे निर्बीजीकरण करून घ्यावे किंवा त्यांना वेगळे ठेवावे. नकोशी झालेली पिल्ले सुरूच्या बनात सोडून देणे हा दयेचा मार्ग नव्हे. ती बहुधा कुत्र्यांच्या तोंडी पडतात. जेथे ती जगतात, तेथे काय होते हे ऑस्ट्रेलियाने अनुभवले आहे. तेथील व्हिक्टोरिया प्रांतात १८५९ मध्ये शिकारीच्या हौसेने सोडलेल्या थोड्याशा सशांची संतती खंडभर पसरली आणि तिने कुरणे उजाड केली.

शिक्षक व पंचायत सदस्यांचे कार्य

प्राण्यास क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमातील कलम ११ अन्वये, हालचालीस पुरेशी उंची, लांबी व रुंदी नसलेल्या पिंजऱ्यात प्राणी ठेवणे हा अपराध आहे. परंतु पडवीतील प्रत्येक खुराड्यापर्यंत कायदा पोहोचत नाही, तेथे समजूतच पोहोचते. शिक्षकांना सशाचा हा पाठ परिसर अभ्यासात सहज गुंफता येईल. मुलांकडून फूटपट्टीने पिंजरा मोजून घेणे, दुपारचे तापमान टिपून ठेवणे आणि रोजची निगा वाटून घेणे ही त्याची प्रात्यक्षिके होत. पर्यटकांच्या करमणुकीसाठी निवासाच्या आवारात ससे ठेवले जात असतील, तर ग्रामपंचायतीने मालकांना या गोष्टी समजावून द्याव्यात आणि पशुधन विकास अधिकाऱ्यांचे मार्गदर्शन मिळवून द्यावे.

नीट सांभाळलेला ससा आठ ते दहा वर्षे जगतो. तिसरीतल्या मुलाच्या हट्टासाठी आणलेला प्राणी ते मूल शालान्त परीक्षेला बसेपर्यंत घरात असतो. तेवढी वर्षे सांभाळण्याची तयारी असेल, तरच ससा आणावा. आणि आणण्यापूर्वी त्याचे घर बांधून तयार ठेवावे.