संगणक घेण्यापूर्वी त्याची पारख

(प्राथमिक शिक्षकांसाठी अभ्यासपाठ)

पाठाचा हेतू : शाळेसाठी संगणक किंवा त्याचे जोडसाहित्य घेण्याचा प्रसंग आला असता त्याची गुणवत्ता व टिकाऊपणा पैसे देण्यापूर्वीच कसा पारखावा हे शिक्षकांस समजावे, आणि त्यासाठी लागणाऱ्या साध्या चाचण्या त्यांस स्वतः करता याव्यात.

१. विषयप्रवेश

बारामती तालुक्यातील सुपे व भोवतालची गावे जिरायती पट्ट्यात मोडतात. पाऊस बेताचा, एखादे वर्ष कोरडेही जाते. अशा भागात शाळेसाठी जमलेली वर्गणी पोटाला चिमटा घेऊन दिलेली असते. शासनाने २०१५ साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम हाती घेतल्यानंतर राज्यातील अनेक जिल्हा परिषद शाळांत लोकसहभागातून संगणक आले. असा संगणक दोन वर्षांत बंद पडला तर वर्गणी बुडतेच. शिवाय पुढच्या वेळी गाव हात आखडता घेतो, आणि मुलांचे नुकसान तर भरून येतच नाही.

या भागातील शेतकरी बैल घेताना नुसत्या रंगावर भाळून पैसे मोजत नाही. तो दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो, आणि जमल्यास जुंपूनही पाहतो. त्याच शेतकऱ्याच्या पैशातून घ्यावयाचा संगणक मात्र पुष्कळदा केवळ खोक्यावरील आकडे वाचून घेतला जातो. आकड्यांवरून यंत्राची शक्ती कळते, टिकाऊपणा कळत नाही. टिकाऊपणा पारखावयाचा तर यंत्र प्रथम कोठे बिघडते हे जाणून नेमके तेच भाग तपासले पाहिजेत. प्रस्तुत पाठाचे सार एवढेच आहे.

२. कागदावरील आकडे आणि प्रत्यक्ष अनुभव

चकती, म्हणजे हार्ड डिस्क, बनविणारे कारखाने तिच्या माहितीपत्रकात ‘बिघाडापर्यंतचा सरासरी काळ’ देतात. तो कित्येकदा १० लाख तास असतो. वर्षाचे तास ८,७६०. म्हणजे हा काळ सुमारे ११४ वर्षे झाला! अर्थात एकच चकती ११४ वर्षे चालेल असे कोणी समजू नये. या आकड्याचा खरा अर्थ असा की, ऐन उमेदीच्या काळात १०० चकत्यांपैकी वर्षाला सुमारे ०.८८ चकत्या बिघडाव्यात. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठातील दोन संशोधकांनी सुमारे एक लाख चकत्यांचा अनुभव तपासून २००७ साली निष्कर्ष मांडले. त्यांस चकत्या बदलण्याचे वार्षिक प्रमाण सर्वसाधारणपणे शेकडा २ ते ४ आढळले. काही ठिकाणी ते १३ पर्यंतही गेले. माहितीपत्रक आणि प्रत्यक्ष व्यवहार यांत एवढे अंतर पडते.

दुसरे उदाहरण आपल्याच देशातील आहे. विद्यार्थ्यांसाठी ‘आकाश’ नावाची स्वस्त पाटी (टॅब्लेट) ऑक्टोबर २०११ मध्ये प्रकाशित झाली. किंमत सव्वादोन हजार रुपयांच्या आसपास होती. परंतु गती मंद, पडदा दाबल्याखेरीज स्पर्श उमटेना, बॅटरी लवकर संपे, अशा तक्रारी आल्या. पुढे चाचणीचे निकष कोणते असावेत यावरूनच पुरवठादार व तपासणारी संस्था यांच्यात वाद झाला. नोव्हेंबर २०१२ मध्ये सुधारलेली आवृत्ती निघाली. बोध असा की, तपासणी कशी करणार हे खरेदीपूर्वीच लेखी ठरवावे. माल आल्यावर ठरवू गेल्यास वादच हाती राहतो.

३. यंत्र प्रथम कोठे बिघडते

(अ) वीजपुरवठा : घरगुती विजेचा ठरीव दाब २३० व्होल्ट होय. खेड्यात तो सतत वरखाली होतो. त्याचा पहिला आघात संगणकातील वीजपुरवठा-पेटीवर, म्हणजे एस.एम.पी.एस.वर होतो. विक्रेते स्वस्त संगणक जोडताना काटकसर करतात ती बहुधा येथेच. कारण ही पेटी गिऱ्हाइकाच्या दृष्टीस पडत नाही. पेटीवर ‘८० प्लस’ असे चिन्ह असल्यास वीज कमी वाया जाते, एवढेच त्यावरून सिद्ध होते. टिकाऊपणाची ती हमी नव्हे.

(आ) उष्णता : मुख्य पट्टीवर (मदरबोर्डवर) नळकांड्यांच्या आकाराचे छोटे धारित्र, म्हणजे कपॅसिटर असतात. द्रव भरलेल्या धारित्राचे आयुष्य तापमान दर १० अंश सेल्सियसने वाढले की साधारण निम्मे होते. २००० नंतरच्या काही वर्षांत सदोष द्रवाचे धारित्र जगभर वापरले गेले आणि असंख्य संगणक अकाली निकामी झाले. त्यांचे माथे फुगत व त्यातून द्रव पाझरे. पत्र्याच्या छपराखालील खोलीत वैशाखात काय होते ते शिक्षकांस सांगावयास नको. यास्तव १०५ अंशांचा शिक्का असलेले धारित्र ८५ अंशांच्या धारित्रापेक्षा केव्हाही बरे.

(इ) धूळ व पंखा : धुळीने पंखा अडला की उष्णता वाढते आणि वरील दोष बळावतो. पेटी सहज उघडून साफ करता येते की नाही, हे पाहणे अगत्याचे आहे.

(ई) बॅटरी : लिथियम बॅटरी वापरली नाही तरी झिजते. तीनचारशे वेळा पूर्ण भरून रिकामी झाली की तिची धारणशक्ती ठळकपणे घटते. म्हणून ती बदलता येते काय आणि कितीला मिळते, हे आधी विचारावे.

४. पैसे देण्यापूर्वीच्या चाचण्या

(१) नोंदणी पाहावी. २०१२ च्या आदेशापासून संगणक, लॅपटॉप, पडदा, छपाईयंत्र इत्यादींस भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. वस्तूवर ‘आर’ या इंग्रजी अक्षराने सुरू होणारा क्रमांक असतो. तो ‘बी.आय.एस. केअर’ या मोबाइल ॲपवर पडताळता येतो. ही नोंदणी सुरक्षिततेची आहे, दीर्घायुष्याची नव्हे. तथापि जेथे तीही नाही तेथे पुढे जाऊच नये.

(२) दात मोजावेत. चकती स्वतःच किती तास चालली याची नोंद ठेवते. ‘नवा’ म्हणून दाखविलेल्या संगणकात ती नोंद हजारो तासांची निघाली, तर माल जुना आहे. लॅपटॉपमध्ये बॅटरीचा अहवाल काढून मूळची व आजची धारणशक्ती ताडून पाहावी.

(३) जुंपून पाहावे. यंत्रातील जन्मजात दोष बहुधा पहिल्या काही दिवसांतच प्रकट होतो. म्हणून संगणक किमान दोन-तीन तास पूर्ण भाराने चालवावा. पंख्याचा आवाज, पेटीची उष्णता आणि मध्येच बंद पडणे यांकडे लक्ष ठेवावे. स्मृतीची चाचणी विंडोज प्रणालीतच असते. ती रात्रभर चालू द्यावी. माल परत घेण्याची मुदत संपण्यापूर्वी हे सर्व उरकावे.

(४) पेनड्राइव्ह भरून पाहावा. खोट्या पेनड्राइव्हवर जास्त क्षमता दिसते, पण प्रत्यक्ष माहिती मावत नाही. तो काठोकाठ भरून सर्व फायली पुन्हा उघडून पाहणे हीच खरी कसोटी.

(५) यूपीएसचा भार तपासावा. ६०० व्होल्ट-अँपियर म्हणजे ६०० वॅट नव्हे. शक्तिगुणक ०.६ असल्यास ६०० × ०.६ = ३६० वॅटच मिळतात. संगणक चालू असता भिंतीवरील बटण बंद करावे आणि किती मिनिटे मिळतात ते घड्याळ लावून पाहावे.

(६) शाळेचे अर्थिंगही तपासून घ्यावे. अर्थिंग नादुरुस्त असेल तर उत्तम यंत्रही टिकत नाही. हे काम माहितगार वायरमनकडूनच करवून घ्यावे.

जुना, दुरुस्त केलेला संगणक घेणे सर्वस्वी वाईट नाही. मात्र एक गोष्ट ध्यानी ठेवावी. विंडोज १० चे नित्य साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, आणि विंडोज ११ ही बऱ्याच जुन्या यंत्रांवर अधिकृतपणे चालत नाही. तेव्हा त्या यंत्रावर कोणती प्रणाली चालणार, हे आधी निश्चित करावे.

५. दरपत्रकांची तुलना

तुलनात्मक तक्त्यात किमतीच्या रकान्याशेजारी आणखी चार रकाने आखावेत : हमी किती वर्षांची, हमीत बॅटरी व वीजपुरवठा-पेटी येते काय, दुरुस्ती शाळेत येऊन करणार, की यंत्र बारामतीस वा पुण्यास न्यावे लागणार, सुटे भाग किती दिवसांत मिळणार. प्रत्येक उत्तर लेखी घ्यावे. दोन हजार रुपये स्वस्त पडलेला संगणक दोन वेळा पुण्यास न्यावा लागला, तर ती बचत जाण्यायेण्यातच संपते आणि अध्यापनाचे दिवस वाया जातात ते वेगळेच. पावतीवर यंत्राचा अनुक्रमांक लिहून घेण्यास विसरू नये. हमीचा सारा आधार तोच असतो.

तपासणीच्या वेळी शाळा व्यवस्थापन समितीचे एकदोन सभासद हजर असावेत. ज्यांनी पैसे दिले त्यांच्यासमक्ष यंत्र पारखले गेले म्हणजे विश्वास वाढतो, आणि पुढे बिघाड झालाच तर शिक्षकावर विनाकारण बोल येत नाही.

६. वर्गातील उपयोग

पाचवीच्या वरील मुलांस १० लाख तासांची वर्षे करणे, व्होल्ट-अँपियरचे वॅट करणे आणि दरपत्रकांचा तक्ता भरणे ही गणिते द्यावीत. वस्तू घेताना प्रश्न विचारण्याची सवय लहानपणीच लागणे इष्ट आहे.

स्वाध्याय

(१) माहितीपत्रकातील ‘१० लाख तास’ या आकड्याचा खरा अर्थ स्पष्ट करा.
(२) आपल्या शाळेतील विजेचा दाब आठ दिवस सकाळी, दुपारी व सायंकाळी मोजवून घ्या, त्याची नोंद ठेवा आणि त्यावरून कोणते साहित्य आवश्यक आहे ते ठरवा.
(३) शाळेतील बंद पडलेल्या एका यंत्राचा कोणता भाग प्रथम बिघडला याचा शोध घ्या. तो दोष खरेदीच्या वेळी ओळखता आला असता काय, याचा विचार करा.