जुन्या डोंगरी सायकलीची पारख

जबलपूरच्या ज्या पिढीने आयुधनिर्माणींच्या भोंग्यावर घरची घड्याळे लावली, त्या पिढीस सायकलीचे माहात्म्य निराळे सांगावयास नको. 1904 साली गन कॅरेज फॅक्टरी, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत खमरियाची ऑर्डनन्स फॅक्टरी आणि 1969 साली व्हेइकल फॅक्टरी, असे एकामागून एक कारखाने येथे उभे राहिले, आणि पाळी सुटली की काळ्या, उंच, घंटी वाजविणाऱ्या सायकलींची रीघ रांझीच्या दिशेने लागे. ती सायकल चरितार्थाचे साधन होती. आज मात्र याच शहरातील तरुण मंडळी माझ्याकडे चौकशीस येतात ती एका निराळ्याच जातीच्या सायकलीविषयी: 1980 ते 1995 या काळात परदेशी घडलेली, दातेरी जाड टायरांची, पुढच्या चिमट्यास स्प्रिंगचा मागमूस नसलेली पोलादी माउंटन बाइक. कोणा लष्करी अधिकाऱ्याने परदेशातील नेमणुकीवरून परतताना ती आणलेली असते, कोणाच्या अमेरिकेतील चिरंजीवांनी सामानासोबत पाठविलेली असते, आणि पंचवीस-तीस वर्षे पडवीत पडून राहिल्यावर ती आता विक्रीस निघते. अशा एका सायकलीने मला पुष्कळ आनंद दिला आणि एक मोठा अपघातही दाखविला. या दोहोंतून जे हाती आले ते इतरांच्या उपयोगी पडावे, एवढ्याच हेतूने हा मजकूर लिहीत आहे.

या सायकलीचे कुलवृत्त थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण तिचे आकर्षण त्यात आहे. कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात माउंट टॅमलपायस नावाचा डोंगर आहे. 1970 नंतरच्या काही वर्षांत तेथील तरुण, 1930-40 च्या सुमाराच्या फुगीर टायरांच्या जुन्या सायकली भंगारातून उचलून, डोंगरावरील मातीच्या वाटांनी भरधाव खाली उतरू लागले. उतार एवढा तीव्र होता की मागच्या चाकातील ब्रेक तापून त्यातील ग्रीस जळून जाई आणि प्रत्येक फेरीनंतर ते नव्याने भरावे लागे. 1976 च्या ऑक्टोबरात त्यांची पहिली रीतसर शर्यत झाली; 1977 साली जो ब्रीझ याने क्रोमोली पोलादाची, खास डोंगरासाठी योजलेली फ्रेम स्वहस्ते घडविली; 1979 साली गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी टॉम रिची याच्या फ्रेमी घेऊन दुकान थाटले; आणि 1981 साली स्पेशलाइज्ड कंपनीची जपानात बनलेली स्टंपजंपर बाजारात येताच मूठभर हौशी माणसांचा हा छंद जगभर पसरला. ती स्टंपजंपर आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. म्हणजे जुनी डोंगरी सायकल ही मुळातच जुन्या सायकलीच्या पुनरुद्धारातून जन्मली, आणि म्हणूनच तिला पुन्हा रस्त्यावर आणणे हे तिच्या स्वभावास धरून आहे असे मी मानतो.

तथापि तिचे खरे मोल नावात नसून पोलादात आहे. क्रोमियम आणि मॉलिब्डेनम यांचा अल्प अंश मिसळलेले हे पोलाद साध्या पोलादाहून बळकट असल्याने नळ्या पातळ ठेवता येतात. उत्तम फ्रेमीत नळीची जाडी टोकांशी सुमारे 0.9 आणि मध्यभागी 0.6 मिलिमीटर एवढीच असते. यामुळे फ्रेम हलकी होते आणि रस्त्याचा दणका हातापर्यंत पोहोचण्याआधी थोडा मवाळ होतो. डुमना येथील निसर्गोद्यानाच्या वाटेवर, खंदारी जलाशयाच्या काठाकाठाने, किंवा भेडाघाटच्या बाजूस मुरमाच्या रस्त्याने जाताना या सायकलीचे जे समाधान मिळते, ते मला आजच्या जाड अॅल्युमिनियमच्या सायकलीवर कधी मिळाले नाही. शिवाय तिच्यात असे काहीच नसते की जे साध्या पान्यांनी उघडता येत नाही. परदेशात आता मोठ्या व्यासाच्या चाकांची चाल पडल्यामुळे 26 इंची डोंगरी चाक मागे पडले आहे. आपल्याकडे मात्र हीरो रेंजरसारख्या देशी सायकलींच्या कृपेने त्या मापाचे टायर आणि ट्यूब अजूनही लहानसहान गावात मिळतात. दूरच्या प्रवासास निघणाऱ्याच्या दृष्टीने हा लाभ सामान्य नव्हे.

आता अपघाताकडे वळतो. माझी सायकल मी एका मध्यस्थामार्फत घेतली होती. तिचा गडद निळा रंग आरशासारखा लकाकत होता, नाममुद्रा नव्याने चिकटविलेली होती, आणि पहिल्या मालकाने ती प्रेमाने राखली असा निर्वाळाही मिळाला होता. एक हिवाळा आणि एक उन्हाळा तिने उत्तम साथ दिली. मग पावसाळा सरल्यावर एका सकाळी मदनमहालच्या टेकडीवरून, शारदा मंदिराच्या बाजूने उतरत असताना, खालची तिरपी नळी हँडलच्या नळीपासून दोन बोटे अंतरावर आरपार तुटली, पुढचे चाक मागे दुमडले, आणि मी खडकाळ कडेवर फेकला गेलो. उजवे मनगट मोडले. मागून मोटार येत नव्हती म्हणून तेवढ्यावर निभावले.

तुटलेली फ्रेम मी रांझीतील एका निवृत्त टर्नरकडे नेली. त्यांचे सारे आयुष्य निर्माणीच्या यंत्रशाळेत गेलेले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून तुटीचा काठ उजेडाकडे धरला आणि मला जवळ बोलाविले. काठाच्या निम्म्याहून अधिक भागावर गर्द तपकिरी गंज होता. उरलेला भाग मात्र ताजा, करडा, रव्यासारखा चमकत होता. “दादा, हा चमकणारा तुकडा त्या दिवशी तुटला,” ते म्हणाले, “बाकीचा तर तुम्ही सायकल घेण्याच्या आधीच गेला होता.” मग त्यांनी चाकूच्या टोकाने गंजलेल्या भागालगतचा रंग खरवडला, तेव्हा आतून पांढरट भुगा गळू लागला. ती लांबी होती. तड्यात लांबी भरून, घासून, त्यावर तो निळा रंग चढविलेला होता.

यास्तव माझे पहिले आणि सर्वांत आग्रहाचे सांगणे असे की, जुन्या सायकलीवरील नवा रंग हा गुण न मानता संशयाचे कारण मानावे. मूळ रंग कितीही ओरखडलेला, फिका किंवा टवके उडालेला असो, तो फ्रेमीच्या वतीने साक्ष देतो: जेथे धातू वाकला तेथे रंगास सुरकुती पडते, जेथे तडा जातो तेथे गंजाची बारीक रेघ उमटते. ही साक्ष पुसली गेली की ग्राहक आंधळा होतो. परदेशातील जाणकार संग्राहकही मूळ रंगाच्या सायकलीस अधिक दाम मोजतात, आणि त्यामागे केवळ हौस नाही.

दुसरे म्हणजे हँडलच्या नळीमागे, वरच्या आणि खालच्या नळीच्या पोटाखालून, अंगठा दाबून सावकाश फिरवावा. समोरून धडक बसलेल्या सायकलीस तेथे किंचित फुगवटा येतो, जो डोळ्यांस दिसत नाही पण बोटास कळतो. फ्रेम वाकलेली आहे किंवा नाही हे पाहण्यास त्या टर्नरसाहेबांनी मला जी रीत दाखविली तीस सुती दोऱ्याखेरीज काही लागत नाही. मागचे चाक काढून, ते जेथे बसते त्या एका खाचेस दोरा बांधावा, हँडलच्या नळीस समोरून वळसा घालून तो दुसऱ्या खाचेपर्यंत ताठ आणावा, आणि सीटच्या उभ्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या दोऱ्याचे अंतर पट्टीने मोजावे. अंतरे सारखी भरली तर मागचा भाग सरळ आहे. तड्याची शंका असल्यास त्या जागेचा रंग काढून उघड्या धातूवर रॉकेल लावावे, थोड्या वेळाने कोरडे पुसून खडूची पूड चोळावी. तडा असेल तर आत मुरलेले रॉकेल पाझरून खडूवर ओली रेघ उमटते. ही रीत जुन्या कारखान्यांतून आणि रेल्वेच्या कर्मशाळांतून चालत आलेली आहे. विक्रेता एवढीही परीक्षा करू देत नसेल, तर व्यवहार तेथेच थांबवावा.

सीटची दांडी जागची हलते की नाही, हे अवश्य पाहावे. दांडी अॅल्युमिनियमची आणि फ्रेम पोलादाची, त्यात पावसाचे पाणी, अशा संयोगाने दोन धातूंत रासायनिक क्रिया होऊन दांडी आत घट्ट बसते, आणि मग ती काढताना कित्येक चांगल्या फ्रेमी निकालात निघाल्या आहेत. दांडी सुटत असेल तर ती काढून सायकल उलटी करावी. आतून गंजाचे पाणी किंवा पोपडे पडले तर पायडलांचा आस ज्या आडव्या नळीत बसतो ती उघडून पाहिल्यावाचून दर ठरवू नये. उघडताना उजव्या बाजूचा कप बहुधा उलट आट्यांचा असतो, हे लक्षात ठेवावे. गिअर, साखळी, ब्रेकचे रबर, तारा यांविषयी फार चिंता नको. ते झिजणारे जिन्नस असून बदलता येतात.

तुटलेल्या फ्रेमीस जोड देण्याविषयी मात्र सावध करतो. रस्त्याकडेच्या दुकानात, जेथे लोखंडी दारे-खिडक्या बनतात, तेथे विजेच्या वेल्डिंगने क्रोमोलीची पातळ नळी जोडून घेऊ नये. त्या उष्णतेने नळीस भोक पडते किंवा जोडालगतचा भाग ठिसूळ होतो. गॅसच्या ज्योतीवर पितळ भरून केलेला जोड कमी उष्णतेत होतो आणि कुशल हाताने केल्यास टिकतो. माझ्या फ्रेमीस मात्र तोही देऊ नये असा सल्ला टर्नरसाहेबांनी दिला, कारण तुटीची जागा सर्वाधिक भाराची होती. तो मी मानला, आणि चाके व इतर भाग दुसऱ्या, मूळ रंगाच्या फ्रेमीवर चढविले.

देशी सायकलींविषयीही लिहिले पाहिजे. 1990 नंतरच्या दशकातील रेंजर व तिच्या भावंडांना डोंगरी रूप होते, पण पोलाद साधे आणि वजन भारी. ज्यांच्या बालपणाशी त्या जोडलेल्या आहेत त्यांनी त्या जरूर जतन कराव्यात; सोनीपतला 1951 साली सुरू झालेल्या अॅटलसचा साहिबाबादचा कारखाना 2020 च्या जूनमध्ये बंद पडल्यापासून अशा वस्तूंविषयीचा जिव्हाळा वाढला आहे, आणि तो रास्त आहे. परंतु ‘दुर्मीळ’ म्हणून त्यांस परदेशी क्रोमोलीचा भाव मागणाऱ्यास तो देऊ नये.

शेवटची गोष्ट दस्तऐवजाची. सायकलीची मोटारीसारखी नोंदणी नसते, आणि चोरीचा माल जाणूनबुजून बाळगणे हा गुन्हा आहे. आसाच्या आडव्या नळीखाली बहुधा फ्रेमीचा क्रमांक कोरलेला असतो. तो घासून काढलेला असल्यास सायकल घेऊ नये. क्रमांक शाबूत असल्यास तो, विक्रेत्याचे नाव-पत्ता, रक्कम आणि तारीख यांसह पावतीवर लिहून, सही घेऊन, मगच पैसे द्यावेत. आणि जबलपूरकरांनी पैसे देण्याआधी सायकल एखाद्या निवृत्त कारागिरास दाखवावी. रांझी आणि खमरियाच्या वस्त्यांतून असे टर्नर, फिटर, वेल्डर अजून आहेत, आणि विचारणाऱ्यास ते आनंदाने वेळ देतात.