भिंगावरची पांढरी पूड आणि काचबिंदू

प्रश्न : माझ्या वडिलांचं वय ७२. सगळा जन्म देवबागच्या किनाऱ्यावर रापण ओढण्यात आणि होडीवर गेला. मोतीबिंदू काढायचा म्हणून तपासायला नेलं, तर डॉक्टर म्हणाले, भिंगावर पांढरी पूड साचलीय आणि डाव्या डोळ्यात काचबिंदूही सुरू झालाय. घरात सगळे म्हणतात, खाऱ्या वाऱ्याने आणि वाळूने झालं. ही पूड आत गेलीच कशी? मोतीबिंदू काढला की ती जाईल ना?
– एक वाचक, देवबाग, ता. मालवण

उत्तर : पूड बाहेरून गेलेलीच नाही. वाळूने, वाऱ्याने डोळा लाल होतो, चुरचुरतो. पण भिंगापर्यंत पोचायला त्यांना वाट नाही. वडिलांच्या डोळ्यातली पूड त्यांच्याच शरीराने तयार केली आहे. या विकाराला स्यूडोएक्सफोलिएशन म्हणतात. तो उतारवयाचा विकार. पन्नाशीच्या आत क्वचितच दिसतो.

आपल्या पेशींना जागेवर धरून ठेवणारे लवचीक तंतू असतात. वय वाढतं तशी काहींच्या शरीरात या तंतूंची बांधणी बिघडते आणि अर्धवट तयार झालेल्या धाग्यांचे पुंजके साचू लागतात. ते त्वचेत, रक्तवाहिन्यांच्या भिंतींत, हृदयातही सापडतात, पण त्रास देतात तो मुख्यतः डोळ्यात.

भिंगावर ही पूड एका ठरावीक नक्षीत बसते. मध्यभागी पातळ चकती, तिच्याभोवती स्वच्छ कडं आणि त्याच्या बाहेर खरखरीत पट्टा. मधलं कडं स्वच्छ का? उजेड बदलला की बाहुली लहानमोठी होते, आणि तिच्याभोवतीचा रंगीत पडदा दर वेळी भिंगावर घासून तिथली पूड खरवडून काढतो. या घासण्यात पडद्याचंही नुकसान होतं. पुडीचा खरखरीत थर त्याच्यावर कानशीसारखा चालतो आणि त्याचा रंग कणाकणाने सुटतो.

काचबिंदू सुरू होतो तो इथून. डोळ्यात सतत एक पाणी तयार होतं, बाहुलीतून पुढे येतं आणि कडेच्या बारीक जाळीतून बाहेर पडतं. हे अश्रूंचं पाणी नव्हे. सुटलेली पूड आणि रंगाचे कण या पाण्याबरोबर वाहत जाऊन जाळीत अडकतात. शिवाय जाळीच्या पेशी स्वतःही हीच पूड तयार करतात. निचरा मंदावतो, पाणी मात्र तेवढंच तयार होत राहतं. एरवी साधारण १० ते २१ मिलिमीटर पारा असणारा दाब वाढतो आणि मेंदूकडे जाणाऱ्या दृष्टीच्या नसेचे धागे मरू लागतात. मेलेला धागा परत जिवंत होत नाही.

पूड असलेल्या प्रत्येकाला काचबिंदू होतोच असं नाही. झाला, तर तो नेहमीच्या काचबिंदूपेक्षा दांडगा असतो. दाब जास्त चढतो आणि एकाच दिवसात बराच वरखाली होतो. त्यामुळे सकाळी एकदा मोजून ठीक आला म्हणून निश्चिंत राहू नका. बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावरही रंगाचे कण सुटून दाब उसळू शकतो, म्हणून त्यानंतर तो पुन्हा मोजून घ्या.

हा विकार पहिल्यांदा नोंदला तो मालवणपासून फार दूर, फिनलंडमध्ये, जॉन लिंडबर्ग यांनी १९१७ साली. २००७ साली आइसलंड आणि स्वीडनच्या रुग्णांत त्याचा संबंध एलओएक्सएल-१ या जनुकाशी जुळला. लवचीक तंतू एकमेकांना बांधण्याचं काम याच जनुकाचं. पण जनुकाचा तो प्रकार निरोगी माणसांतही सर्रास आढळतो, म्हणजे आणखी काहीतरी लागतं. इथे तुमच्या घरच्यांचा संशय अगदीच वाया जात नाही. अमेरिका आणि इस्रायलमधल्या लोकांवरचा एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. आयुष्यात बराच काळ उन्हात घालवलेल्यांत, आणि पाण्यावर किंवा बर्फावर काम केलेल्यांत हा विकार अधिक दिसला. एवढ्यावरून उन्हालाच दोषी ठरवता येणार नाही. तरी घरातली तरुण मुलं होडीवर जात असतील, तर त्यांना अतिनील किरण अडवणारा चष्मा जरूर द्या. डोक्याला गुंडाळलेला टॉवेल वरचं ऊन अडवतो, पाण्यावरून उसळून डोळ्यात शिरणारं नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. मोतीबिंदू काढल्याने दाब थोडा उतरू शकतो, पण पूड तयार होणं थांबत नाही आणि काचबिंदूही जात नाही. दाबाचे थेंब, गरज पडली तर लेझर किंवा वेगळी शस्त्रक्रिया, हे उपचार चालूच ठेवावे लागतात. वडिलांना दमा असेल तर थेंब लिहून देण्याआधीच डॉक्टरांना सांगा. टिमोलॉलसारख्या औषधाने धाप वाढते. या डोळ्यांत बाहुली नीट मोठी होत नाही आणि भिंगाला धरणारे दोरे कमकुवत झालेले असतात, म्हणून शस्त्रक्रिया अवघड जाते. ती दुसरीकडे करणार असाल, तर पुडीची नोंद असलेला कागद बरोबर न्या. बसवलेलं भिंगही काही वर्षांनी जागचं हलू शकतं, तेव्हा दिसणं अचानक बिघडलं तर लगेच दाखवा.

आणि उजवा डोळा विसरू नका. पूड बऱ्याचदा आधी एकाच डोळ्यात दिसते, दुसऱ्यात मागाहून येते. वडिलांच्या भावंडांनाही तपासायला न्या. डोळा दुखत नाही, नजर कडेकडेने जाते, आणि समोरचं स्पष्ट दिसतंय तोवर माणसाला पत्ता लागत नाही.