ससून डॉकची पहाट

"सर, तिथे बंदर असतात का?" आठवीतल्या एका मुलाने विचारले आणि सारा वर्ग हसला. मी फळ्यावर लिहिले होते, 'रविवारी आपण बंदर पाहायला जाऊ.' उर्दूत बंदर म्हणजे वानर. मराठीत मात्र जहाजे आणि होड्या थांबतात त्या जागेला बंदर म्हणतात. तुमचे 'बंदरगाह' तेच हे.

रविवारी पहाटे चार मुलांना घेऊन मी मुंब्र्याहून लोकलने निघालो. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरून बसने कुलाब्याला गेलो. ससून डॉक जवळ आल्याचे नाकानेच सांगितले!

बगदादहून मुंबईस आलेल्या ज्यू व्यापारी घराण्यातील अल्बर्ट अब्दुल्ला डेव्हिड ससून यांनी १८७५ साली ही गोदी बांधली. आज येथे मासेमारीच्या होड्या लागतात. होडीतून पाट्या वर येत होत्या. बोंबील, सुरमई, पापलेट, कोळंबी, माकूल! मुले डोळे विस्फारून पाहत राहिली. एकीकडे लिलाव चालला होता. तुम्ही 'नीलाम' म्हणता, मराठीत 'लिलाव'. गंमत अशी, की दोन्ही शब्द पोर्तुगीज भाषेतून आले. बोली लावणाऱ्यांत कोळणी पुढे होत्या. दूर दक्षिण कोरियात, बुसान शहरातील जगालची बाजारातही मासळी विकणाऱ्या बहुतेक स्त्रियाच असतात. तिथे खाली मासा विकत घ्यायचा आणि वरच्या मजल्यावर शिजवून खायचा, अशी सोय आहे.

'बंदर' विचारणाऱ्या मुलाला अम्मीने दोनशे रुपये दिले होते. तो एका कोळणीपुढे उभा राहिला.

"मावशी, बांगडा कसा दिला?"

"तीनशेचा वाटा."

त्याने वळून माझ्याकडे पाहिले. मी मुद्दाम गप्प राहिलो.

"थोडे कमी करा ना."

"अरे बाळा, रात्रीपासून जागी आहे मी. बर्फाचे पैसे, टेम्पोचे पैसे, कुठून कमी करू?"

मुलाचा चेहरा उतरला. मग तो हळूच म्हणाला, "मावशी, माझ्याकडे दोनशेच आहेत. दोनशेत जेवढे येतील तेवढेच द्या."

मावशी हसली. तिने वाट्यातले काही मासे बाजूला काढले, उरलेले पिशवीत घातले आणि वर आणखी एक टाकला. "कल्ले उघडून बघ. लाल आहेत ना? म्हणजे ताजे," ती म्हणाली. हे मला आधी ठाऊक असते, तर बाजारात मी एकदा फसलो नसतो!

पुढच्या वेळी जूनमध्ये येऊ, असे एकाने सुचवले. पण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. तो माशांच्या विणीचा काळ असतो.

परतताना लोकलमध्ये आमच्या पिशवीचा वास सुटला. समोरच्या आजोबांनी नाकाला रुमाल लावला. मी माफी मागणार, एवढ्यात त्यांनी रुमाल काढून विचारले, "बांगडा का? कितीला आणलात?"

माझ्या आधी तो मुलगाच बोलला, "दोनशेला, आजोबा. कल्ले बघता का?"