जुनी शेती पुतळ्यांत की शिवारात?

प्रश्न : शाळेच्या मुलांना जुन्या काळचं शेतकरी जीवन दाखवायचं आहे. महाडहून गणपतीपुळ्याला न्यावं की कोल्हापूरजवळच्या कणेरीला? – एक शिक्षिका, महाड

उत्तर : गणपतीपुळ्याचं 'प्राचीन कोकण' आणि कणेरी मठाचं सिद्धगिरी संग्रहालय, दोन्ही पाहण्यासारखी आहेत. तिथल्या पुतळ्यांतून बलुतेदार, त्यांची अवजारं, घरांची रचना नीट समजते. पण बाई, पुतळ्यांना घाम येत नाही. पहिली सहल पोलादपूर तालुक्यातल्या एखाद्या वाडीवर काढा. तिथे डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी-वरी अजून पिकते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात जा. भाताची कापणी, झोडणी, सुपाने पाखडणं मुलांना स्वतः करू द्या. जातं-उखळ कुणाच्या पडवीत निघालं तर दळण-कांडणही होईल. उन्हाळ्यात गेलात तर राब भाजलेला दिसेल : पालापाचोळा, शेण, काटक्या रोपवाटिकेच्या जागेवर पसरून जाळतात, त्याने तणाचं बी मरतं. भर पावसातल्या भातलावणीचा मोह मात्र टाळा. जुलै 2021 मध्ये तळीये आणि साखर सुतारवाडीत दरडींनी किती जीव घेतले, ते आपल्याला माहीत आहे.

शेतीची माहिती कृषीच्या विद्यार्थ्यांनीच सांगावी असं वाटत असेल, तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीतल्या महाविद्यालयांना विचारा. शेवटच्या वर्षाची मुलं गावात राहून शेतकऱ्यांबरोबर काम करतात. त्यांच्या सोयीने भेट ठरवता येईल.

एक विनंती : ज्यांच्या शेतात जाल, त्यांना दिवसाची मजुरी द्या आणि झोडलेलं भात सांडू देऊ नका.