आंबेनळीतली टकटक

महाड

चि. भाचेबाईस,


तुझं पत्र पोचलं. सायकलला नवी चेन घातलीस, नवी कॅसेट घातलीस, पैसे गेले आणि टकटक आहे तिथेच. दुकानदाराला बोल लावू नकोस. ‘आवाज येतोय’ एवढंच सांगितल्यावर तो बिचारा काहीतरी बदलूनच देणार. निदान करायचं काम तुझं होतं, कारण घाटात सायकलवर तू असतेस, तो नाही.

आवाज कुठून येतो, हे आधी शोधूच नकोस. फ्रेम म्हणजे पोकळ नळ्या. मागच्या एक्सलची कटकट पायाखाली ऐकू येते, सीटपोस्टची कुरकुर बॉटम ब्रॅकेटमधून आल्यासारखी वाटते. आवाज कधी येतो ते बघ. एमआयडीसीत फिटर होतो तेव्हा आम्ही लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवून मूठ कानाला लावायचो. नवशिका पोरगा म्हणायचा, ‘खरखरतंय.’ जुना फिटर विचारायचा, ‘फेऱ्याला किती वेळा?’

सायकलवरही तेच विचार. गिअर बदलला तरी आवाज पायाच्या फेऱ्याशीच बांधलेला राहिला, तर आधी पेडल, क्रँक, चेनव्हील आणि बॉटम ब्रॅकेट बघायचं. पाय थांबवून सायकल उतारावर सोडली तरी आला, तर चाक. चेनचा आवाज मात्र लबाड. १०८ कड्यांची चेन आणि पुढे ३४ दात असले, तर तीच कडी पायाच्या तीन फेऱ्यांहून थोड्या उशिराने परत येते. पुढे ५० दात असले तर दोन फेऱ्यांनंतर. त्यामुळे एखादी कडी अडखळत असेल तर टक कधी डाव्या पायाला, कधी उजव्या पायाला, आणि माणूस चक्रावतो. नव्या चेनची जोडपिन नीट बसली नसेल तर हे हमखास.

तुझं तसं नाही. पोलादपूर ते महाड महामार्गावर सायकल गप्प असते, कापडे गाव सोडून आंबेनळी घाटाचा चढ लागला की उजवा पाय दाबताना दर फेरीला टक. उभी राहून मारलीस तरी येतो, म्हणजे सीट आणि सीटपोस्ट सुटले. सपाटीवर पाय भरभर फिरतात, जोर कमी लागतो. घाटात पाय सावकाश आणि दाब भरपूर, म्हणून सैल जागा तिथेच बोलते. पण उजव्या पायाला आवाज येतो म्हणून दोष उजवीकडेच, असं धरून चालू नकोस. दाबाखाली अख्खी फ्रेम किंचित पिळते आणि मागच्या चाकाची क्विक रिलीज सैल असेल तर तीही पायाच्या तालावर वाजते.

फुकटातलं आधी कर. पुढच्या डिरेलरच्या केबलचं टोक क्रँकला लागतंय का बघ. बोटाने आत वाकवलं की काम झालं. मग क्विक रिलीज काढून, पुसून, घट्ट कर. मग पेडल. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, जोर लावण्याआधी दिशा बघ. दोन्ही पेडल काढ, जुनी काळी घाण फडक्याने पूस, आट्यांना ग्रीस लावून पुन्हा बसव. कोरड्या आट्यांची टकटक मी फार पाहिली आहे. नंतर चेनव्हीलचे बोल्ट, तसेच एकेक काढून. एका वेळी एकच गोष्ट, आणि प्रत्येकीनंतर तोच चढ, तोच गिअर. सगळं एकदम केलंस तर आवाज जाईल, पण कशाने गेला ते कळणार नाही. आणि सगळीकडे स्प्रे मारू नकोस! दोन दिवस शांतता मिळते आणि माग पुसला जातो.

सायकल जुनी घेतली आहेस म्हणून विचारतो, २२ जुलै २०२१ च्या महापुरात ती कुठे होती? महाडात जुनी वस्तू घेताना हा प्रश्न विचारायचाच. सावित्रीचा गाळ पिठासारखा बारीक. एकदा बेअरिंगमध्ये शिरला की वरून कितीही धुवा. क्रँक हाताने फिरवताना बोटांना कचकच जाणवली, तर बॉटम ब्रॅकेटचा संशय धर. पाण्याच्या गनने धुणं मात्र बंदच कर.

आणखी एक, आणि हे सगळ्याच्या आधी कर. क्रँकवर अल्टेग्रा किंवा ड्युरा-एस लिहिलंय का बघ. जुलै २०१९ च्या आधी बनलेले, ११ स्पीडचे, दोन भाग चिकटवून केलेले पोकळ क्रँक शिमानोने सप्टेंबर २०२३ मध्ये तपासणीसाठी बोलावले, कारण काहींचे भाग एकमेकांपासून सुटत होते. क्रँकच्या आतल्या बाजूला अक्षरांची छोटी खूण असते, तिचा फोटो पाठव. फट किंवा चीर दिसली तर चाचणीबिचणी काही नाही, सायकल भिंतीला टेकवून ठेव.

बॉटम ब्रॅकेट तू उघडू नकोस. इंग्लिश आट्यांचं असेल तर उजवा कप उलटा सुटतो आणि नवखा माणूस तो सोडवायच्या नादात आणखी आवळतो. गणपतीत येईन तेव्हा पाना घेऊन येतो. तोवर आंबेनळीत दरड आल्याचं कळलं, तर चाचणी कशेडी घाटाच्या जुन्या रस्त्यावर घे.

तुझा,
मामा