मालिकेतील अद्भुत : आखणीचा एक विचार

मालाडच्या बॉम्बे टॉकीजने १९४९ साली 'महल' काढला. त्यातील भुताचा उलगडा अखेरीस होतो. ती माळ्याची मुलगी निघते. एका चित्रपटाला हे परवडते. परंतु दोन-तीन पर्वे चालावयाच्या मालिकेत उलगडा झाला, की पुढचे पर्व कशावर उभे करावयाचे?

या दृष्टीने 'रात्रीस खेळ चाले' अभ्यासण्याजोगी आहे. २०१६ च्या पहिल्या पर्वात अण्णा नाईकांच्या मृत्यूनंतर कोकणातल्या वाड्यात संशय शिरतो. २०१९ च्या दुसऱ्या पर्वाने मागे जाऊन जिवंत अण्णा दाखविले. शेवट ठाऊक असल्याने 'काय होणार' यापेक्षा 'हे असे कसे झाले' याची ओढ लागली. २०२१ चे तिसरे पर्व मला फिके वाटले, ही गोष्ट निराळी.

आम्हा मित्रांच्या आराखड्यातील नायिकेला दुसऱ्याचे खोटे ओळखू येते. तिसऱ्याच भागात कथा अडली, कारण तिच्यापुढे रहस्यच टिकेना! मग मर्यादा घातली : खोटे कळते, खरे काय ते कळत नाही. शिवाय घरच्यांशी बोलणेच तिला नकोसे होते. चमत्काराला कॅमेऱ्याची करामत लागते; इथे नटीचा चेहरा पुरतो. दुसऱ्या पर्वात कळावे, की ही शक्ती आईलाही होती. मग वडिलांचे खोटे ओळखूनही तिने संसार का केला, हे तिसऱ्यासाठी राखले आहे. वडिलांना ते ठाऊक होते काय, यावर मात्र आमचे अद्याप एकमत नाही.